टायची गाठ

"विचार करण्याजोगं आहे," असं म्हणून साहेबांनी दोन बोटांनी टायची गाठ सरळ केली, की समोरच्याने आपले कागद गोळा करावेत आणि घरी जावं. काम होणार नाही, हे ठरलेलं. गाठ मुळात सरळच असायची. पण बोटं तिथपर्यंत गेली की विषय संपला. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. कोणी नाही म्हणताना कान खाजवतो, कोणी खिडकीबाहेर बघतो. साहेब टायची गाठ सरळ करत.

एकदा मी धीर करून विचारलं, "साहेब, सरळ नाही म्हणून का सांगत नाही?"

"सरकारने मला मोटार दिली, घर दिलं, आचारी दिला," ते म्हणाले. "'नाही' हा शब्द काही दिला नाही. तो दिल्लीत ठेवून घेतात."

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची ही गोष्ट. मी न्यू जर्सीत इंजिनिअरिंगचं पुढचं शिक्षण घेत होतो. घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिलाच. वडील आमच्या तालुक्याच्या गावी शिंपीकाम करत. दुकानात फेट्याचं कापडही ठेवत. तालुक्याचं नाव मुद्दाम सांगत नाही. सांगितलं तर साहेब कोण हे तुम्ही लगेच ओळखाल, आणि त्यांना ते आवडलं नसतं.

आमची ओळख झाली ती माझ्या गाढवपणामुळे. इमारतीच्या तळघरात कपडे धुण्याची यंत्रं होती. पँटच्या खिशात पासपोर्ट राहिला आणि मी तो गरम पाण्यात, भरपूर साबण घालून धुतला. बाहेर काढला तेव्हा माझ्या चेहऱ्याच्या जागी एक निळसर ढग होता. रात्रभर डोळ्यांपुढे एकच चित्र होतं: मला परत पाठवताहेत आणि वडील मोटारस्टँडवर न्यायला आले आहेत. सकाळी नदीपलीकडच्या शहरात आपल्या वकिलातीत गेलो. खिडकीवरच्या कारकुनाने तो लगदा पाहिला आणि मला आतल्या खोलीत पाठवलं.

साहेबांनी पासपोर्ट चिमटीत धरून उजेडाकडे केला. उलटसुलट पाहिला.

"साबण कोणता?"

मी घाबरून नाव सांगितलं.

"चांगला आहे. आमच्याकडे इतका स्वच्छ पासपोर्ट कधी आला नव्हता." मग त्यांना जन्मगावाची ओळ तेवढी वाचता आली असावी. ते एकदम मराठीत म्हणाले, "अरे, हा तर माझा तालुका! वेशीजवळ मारुतीचं देऊळ आहे ना अजून?"

"आहे. आता त्याच्या शेजारी पेट्रोल पंप आहे."

"मारुतीला काय, उड्डाणाला इंधन हवंच," साहेब म्हणाले. आठवड्याच्या आत मला नवा पासपोर्ट मिळाला. त्या उपकाराचं मला इतकं ओझं झालं की मी काहीतरी करायला हवं असं वाटून म्हणालो, "साहेब, एकदा जेवायला या." परदेशात हे वाक्य कोणी खरं धरत नाही. साहेबांनी धरलं. टायला हातही लावला नाही.

रविवारी ते आले, सोबत त्यांची पत्नी. त्यांना मी काकू म्हणू लागलो. साहेबांना काका म्हणायला मात्र जीभ वळेना. त्यामुळे साहेब आणि काकू असं ते जोडपं झालं. माझ्या खोलीत नागपूरचा विलास राहायचा. तो त्या दिवशी घरातल्या एकमेव टेबलावरची पुस्तकं पलंगाखाली ढकलत होता.

मी पिठलं-भात केला होता. जवळच्या आयसेलिन गावातल्या देशी दुकानातून बेसन आणलं होतं. पिठलं छान घट्ट झालं होतं, हे मी शपथेवर सांगतो. साहेब स्वयंपाकघरात आले, झाकण काढलं आणि म्हणाले, "आमच्याकडे याहून सैल करायचे." असं म्हणून त्यांनी नळाचं पेलाभर पाणी त्यात ओतलं. मग जरा विचार करून अर्धा पेला आणखी. काकू दारातून म्हणाल्या, "अहो, तुमचं आमच्याकडे म्हणजे कुठलं? अकराव्या वर्षी पुण्याच्या बोर्डिंगात गेलात." साहेबांनी ऐकलं नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

जेवण झाल्यावर त्यांनी बातमी सांगितली. दिल्लीतल्या एका बड्या पुढाऱ्याने त्यांना लोकसभेचं तिकीट देऊ केलं होतं. आमच्याच भागातून. त्यासाठी नोकरी सोडावी लागणार होती. आणि पुढच्या वर्षी ते राजदूत होणार, हे जवळजवळ नक्की होतं.

"पंचवीस वर्षं देशाच्या वतीने बोललो," ते म्हणाले. "देशातला एकही माणूस माझ्याशी बोललेला नाही. पासपोर्टवाले सोडून. तुम्ही मला तयार करायचं. आजपासून तुम्ही माझे गुरुजी."

त्या दिवसापासून मी गुरुजी झालो. सव्वीस वर्षांचा, उसनं जाकीट घालणारा गुरुजी. पाच भाषा बोलणारा, राजेरजवाड्यांच्या पंक्तीला जेवलेला शिष्य.

दर रविवारी शिकवणी. विलास मतदार व्हायचा. डोक्याला टॉवेल गुंडाळून तो गालिच्यावर उकिडवा बसे.

"साहेब, म्हस दूध देईना झाली बघा."

साहेब गंभीरपणे ऐकून घेत आणि म्हणत, "विचार करण्याजोगं आहे."

"नाही, नाही!" मी ओरडायचो. "असं म्हणायचं नाही, साहेब. म्हशीला काय खायला घालता, हे विचारायचं."

"पण मला म्हशीतलं काही कळत नाही."

"त्यालाही ठाऊक आहे ते. तरी विचारायचं."

"आणि त्याने सांगितलं, तर?"

"तर ऐकायचं."

"अरे यार गुरुजी, लवकर," विलास टॉवेल सावरत म्हणायचा, "माझा पाय झोपला. म्हैस मरून जाईल तोपर्यंत."

मांडी घालून बसण्याचा पाठ सर्वांत अवघड गेला. साहेब पहिल्यांदा जमिनीवर बसले आणि त्यांची इंग्लंडमध्ये शिवलेली पँट मागून टर्रकन उसवली. काकू इतक्या हसल्या की त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला. मी शिंप्याचा मुलगा. सुईदोरा नेहमी जवळ. मी पँट शिवेपर्यंत साहेब विलासची फुलाफुलांची चादर गुंडाळून बसले, आणि त्याच अवस्थेत त्यांनी आम्हाला अण्वस्त्रकपातीची बोलणी का फसतात हे पाऊण तास समजावून सांगितलं. मला आजही अण्वस्त्रं म्हटली की ती चादर आठवते. पँट परत देताना मी म्हणालो, "मागे दोन बोटं कापड जास्त सोडलंय. आता बसा बिनधास्त." साहेबांनी टाका निरखून पाहिला. "परराष्ट्र खात्यात माझी पाठ इतकी मजबूत कोणी केली नव्हती."

मला ते निवडून यावेत असं मनापासून वाटत होतं. पण येतील का, हे कळत नव्हतं. म्हणून मी वडिलांना पत्र लिहून विचारलं. वडिलांना सहीपुरतं लिहिता येई. ते सांगत आणि धाकटी बहीण लिही, शब्द न् शब्द. तिचं पत्र आलं. ते माझ्याकडे अजून आहे.

"साहेबांना सांग, नोकरी सोडू नका. मी चार निवडणुकांत फेटे विकले. ज्या गावाला मत द्यायचं नसतं ते गाव उमेदवाराला फेटा बांधतं. मोठा बांधतं, तुरा काढून. माणूस खूश होऊन जातो आणि गावाचीही सुटका होते. ज्याला मत द्यायचं असतं त्याच्यापाशी लोक गाऱ्हाणं सांगतात. अंगावर ओरडतात. आपलं माणूस असल्याशिवाय कोणी ओरडत नाही. तुझ्या साहेबांबद्दल मी बाजारात चौकशी केली. सगळे चांगलंच बोलतात. एकानेही शिवी दिली नाही. म्हणजे कोणी ओळखत नाही."

हे पत्र खिशात घालून मी तीन रविवार हिंडलो. दर वेळी वाटे, आज सांगू. पण साहेब दारातून आत येताना बूट काढत आणि सांगत, "गुरुजी, काल आरशासमोर दोन तास मांडी घालून बसलो. पँट शाबूत!" मग पत्र खिशातच राही. ज्याने आपला धुतलेला पासपोर्ट हसत हसत नवा करून दिला, त्याला कोणत्या तोंडाने सांगायचं की तुम्हाला गावात कोणी ओळखत नाही?

मग निरोपाचा दिवस आला. साहेबांचा राजीनामा गेला होता, पण दिल्लीहून अजून मंजूर व्हायचा होता. म्हणजे परत घेता आला असता. आमच्याच खोलीत सगळे जमले. मी चहा करत होतो तेव्हा काकू आत आल्या आणि हळूच म्हणाल्या, "तू तिकडचा आहेस. खरं सांग हं मला. निवडून येतील का हे?"

पत्र खिशात होतं. मी चहाकडे बघत म्हणालो, "काकू, विचार करण्याजोगं आहे." आणि माझी दोन बोटं आपोआप गळ्याशी गेली. तिथे टायसुद्धा नव्हता.

काकूंनी संसारात ती दोन बोटं हजारदा पाहिलेली. त्यांनी कप पुसले, ट्रेमध्ये मांडले. मग म्हणाल्या, "कळलं. पण त्यांना मी नाही सांगणार. आणि तूही नको सांगूस असं मी म्हणत नाही." ट्रे उचलून त्या बाहेर गेल्या.

म्हणजे सांगायचं काम माझं एकट्याचं होतं. मी बाहेर आलो, आणि काय केलं सांगू? अमेरिकेला निघताना वडिलांनी माझ्या बॅगेत एक गुलाबी फेटा ठेवला होता. पदवी मिळेल त्या दिवशी बांध, असं सांगून. मी तो बॅगेतून काढला, साहेबांना खुर्चीवर बसवलं, त्यांच्या मागे उभा राहिलो आणि वडिलांनी शिकवल्याप्रमाणे फेटा बांधला. मोठा, तुरा काढून. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. विलास समोर कॅमेरा घेऊन उभा होता. तुरा ताठ करत मी मागून मोठ्याने म्हणालो, "साहेब, तुम्ही येणारच!"

विलासने फोटो काढला. साहेब काहीतरी म्हणाले, पण टाळ्यांत ऐकू आलं नाही. फेटा घालूनच ते मोटारीत बसले. तो त्यांच्याबरोबरच गेला.

प्रचारातून त्यांची पत्रं येऊ लागली. "आज अकरा गावं, एकोणीस फेटे. एका गावात दोन गट आहेत, दोघांनी बांधले, एकावर एक." विलास वाचून नाचायचा. "अरे, लँडस्लाइड आहे ही!" मी मात्र पत्र दुमडून ठेवायचो. एका पत्रात त्यांनी लिहिलं होतं, "लोक इतके प्रेमळ आहेत की एकाही माणसाने काही मागितलं नाही." ते वाचून मी प्रयोगशाळेत गेलो आणि रात्री उशिरापर्यंत तिथेच राहिलो.

ते पडले. अनामतही जप्त झाली.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी सगळं लिहिलं: पत्र केव्हा आलं, किती रविवार खिशात होतं, आणि पहिला फेटा मीच बांधला होता. वडिलांचं पत्रही सोबत जोडलं. दोन महिने उत्तर नाही. मला वाटलं, संपलं. मग नेहमीचं निळं हवाई पत्र नव्हे, चांगलं जाड लिफाफ्यातलं पत्र आलं.

"गुरुजी, आपल्या वडिलांचा अहवाल वाचला. पंचवीस वर्षांत मी वाचलेल्या सगळ्या गुप्त अहवालांत हा अव्वल. आपण मला खोटं सांगितलंत असं मी मानत नाही. आपण मुत्सद्दी झालात. शिकवणी दोन्ही बाजूंनी चालू होती, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. असो. आपल्या वडिलांच्या दुकानाचा पत्ता कळवा."

पुढची हकीकत मला बहिणीच्या अक्षरात कळत गेली. "साहेब बाजाराच्या दिवशी दुकानात येऊन बसतात. स्टुलावर. पहिल्यांदा कोणी बोललं नाही. मग हौसाबाईने विचारलं, तुम्ही इंग्लिशमध्ये कागद लिहिता काय. तिच्या पोराच्या पेन्शनीचा कागद लिहून दिला. आता रांग लागते. गिऱ्हाइकाला उभं राहायला जागा नाही." पुढच्या पत्रात: "काल एक माणूस साहेबांच्या अंगावर धावून आला, रस्ता का झाला नाही म्हणून. साहेब म्हणाले, मी निवडून आलेलो नाही. तो म्हणाला, मग आला का नाहीत? बाबा म्हणतात, बरं चाललंय."

बाजार नसेल त्या दिवशी साहेब लिहीत बसत. त्यांचं पहिलं पुस्तक त्या पराभवातून आलं. मुत्सद्दी माणसं आठवणी लिहितात त्यात ती स्वतः फार शहाणी असतात. साहेबांच्या पुस्तकात शहाणे सगळे दुसरेच होते. कारकून, ड्रायव्हर, आचारी. आणि एक शिंपी.

मग निवडून आलेले गृहस्थ राज्यात मंत्री व्हायला गेले. जागा रिकामी झाली, पोटनिवडणूक लागली. साहेब पुन्हा उभे राहिले. या वेळी त्यांचं एकच पत्र आलं. "आज सात गावं. एकही फेटा नाही. एका म्हातारीने हाताला धरून नळापाशी नेलं आणि कोरडी तोटी दाखवून अर्धा तास बोलली. त्यातले काही शब्द मला कोणत्याच भाषेत माहीत नव्हते. मी ऐकत राहिलो. टाय हल्ली घालत नाही, त्यामुळे हाताला काम नसतं. आपले वडील नाराज आहेत, फेट्यांचा खप बसला म्हणतात."

ते चांगल्या मतांनी निवडून आले. मी आणि विलासने त्या रात्री घट्ट पिठलं केलं.

त्यांचं पुस्तक मला उशिरा मिळालं. त्यात आमच्या रविवारांवर एक प्रकरण होतं. चादर होती, म्हैस होती. मी हसत वाचत गेलो आणि एका वाक्यापाशी थांबलो. "गुरुजी सर्वगुणसंपन्न होते, पण त्यांचं पिठलं इतकं पातळ असे की त्यात चमचा टाकल्यावर तळाशी गेल्याचा आवाज येई." मी पुस्तक मिटलं. परत उघडलं. तसंच होतं. वाटलं, लिहावं खरमरीत. कागदही घेतला. मग वाटलं, एवढा मोठा माणूस, खासदार, लेखक. पिठल्यासाठी काय लिहायचं? राहून गेलं.

दशक संपता संपता विलासचा फोन आला. त्याला तोवर मिशिगनमधल्या ट्रॉय गावी मोटारींच्या कंपनीत नोकरी लागली होती. "साहेब गेले यार," एवढंच म्हणाला. मतदारसंघात दौऱ्यावर असताना, कोणाचं तरी म्हणणं ऐकता ऐकता, बसल्या जागी. मांडी घालून.

आमच्या मराठी मंडळाने एका शाळेच्या सभागृहात शोकसभा ठेवली. विलास मिशिगनहून मोटार चालवत आला. त्याने त्या निरोपाच्या दिवशीचा फोटो मोठा करून, काचेत बसवून आणला होता. फोटो टेबलावर ठेवला, समोर समई. मी मागच्या रांगेत होतो. लांबून गुलाबी फेटा तेवढा दिसत होता.

भाषणं झाली. "थोर मुत्सद्दी." "व्यासंगी लेखक." "निष्कलंक लोकप्रतिनिधी." एकेक जण यायचा आणि एकेक विशेषण वाहून जायचा. मला काहीतरी खटकत होतं, आणि मग कळलं काय ते. सगळे मिळून साहेबांना फेटा बांधत होते.

माझं नाव पुकारलं. खिशात दोन पानी भाषण होतं. त्यात 'थोर' हा शब्द चारदा होता. मी उभा राहिलो, भाषण खिशातच ठेवलं आणि फोटोकडे वळून म्हणालो, "साहेब, पिठल्यात पाणी तुम्ही घातलं होतं. दीड पेला. आणि माझा फेटा न्या म्हणून मी म्हटलं नव्हतं. पदवीच्या दिवशी डोक्याला बांधायला काही नव्हतं."

अध्यक्षांनी घसा साफ केला. मला वाटलं, आता बाहेर काढतात.

तेवढ्यात दुसऱ्या रांगेतून आयसेलिनच्या दुकानवाल्या मावशी उभ्या राहिल्या. "माझा स्टीलचा डबा नेला त्यांनी. लाडू भरून दिला होता. नाव कोरलेलं होतं हो डब्यावर!"

"ब्रिज खेळताना पार्टनरचे पत्ते बघायचे," एक डॉक्टरकाका म्हणाले. "पकडलं तर म्हणायचे, हेरगिरी आमच्या खात्यात नाही."

"माझ्या मुलीच्या लग्नाला दोन तास लेट आले आणि अक्षता संपल्यावर मंगलाष्टक म्हणायला लागले!"

मग थांबेचनात. प्रत्येकाचं काहीतरी होतं. लोक हसत होते, डोळे पुसत होते आणि एकमेकांना "अहो, माझं ऐका आधी," म्हणत होते. अध्यक्षांचंही एक छत्री परत न आल्याचं निघालं.

सभा संपली. मी आणि विलास खुर्च्या रचायला थांबलो. समई शांत झाली होती. फोटो उचलायला मी जवळ गेलो आणि तो पहिल्यांदा नीट पाहिला. इतकी वर्षं तो विलासकडेच होता. त्या दिवशी मी खुर्चीमागे उभा होतो, तेव्हा मला साहेबांचा फेटाच दिसत होता. फोटोत मागे मी आहे, तोंड उघडं, 'तुम्ही येणारच' मधल्या कुठल्यातरी अक्षरावर. पुढे साहेब. मिस्कील हसताहेत.

आणि त्यांची दोन बोटं टायच्या गाठीवर आहेत.